शेवटच्या रांगेपर्यंतचा आवाज

कविता लिहिणाऱ्या माणसाने ॲम्प्लिफायरवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही; बी.ए. झालेला माणूस आहे. पण आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात शाहीर, कीर्तनकार, उरुसातला कव्वाल, बैलगाड्याच्या घाटावरचा निवेदक आणि वगातला राजा या सगळ्यांचे पोट आणि पत एकाच लोखंडी खोक्यावर अवलंबून असते. ते खोके नीट चालले तर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द कळतो. नीट चालले नाही तर आवाज येतो, पण शब्द येत नाही. शब्दावर जगणाऱ्याने त्या खोक्यात डोकावून पाहिले, तर त्यात वावगे काही नाही. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तासन्‌तास बसून मी हे शिकलो, आणि घरच्या टेबलावर करून पाहिले.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे हे गाव. तमाशात मुख्य गायकाच्या मागे सुरते आणि झीलकरी उभे असतात. गायकाची ओळ संपत आली, की ते ती उचलतात आणि उंच सुरात लांबवतात. झील धरणे म्हणतात ते हेच. वीज नव्हती तेव्हा मैदानाच्या टोकापर्यंत गाणे पोचायचे ते या गळ्यांच्या जोरावर. गायक फक्त खूण देतो, दम झीलकऱ्याच्या छातीतला असतो. ॲम्प्लिफायरचे सगळे शास्त्र या एका गोष्टीत सामावलेले आहे.

धरण, गेट आणि कालवा

ॲम्प्लिफायर आवाज 'वाढवतो', असे आपण म्हणतो. पण तो काहीही निर्माण करत नाही. कुकडी प्रकल्पातली आपली धरणे पाहा. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातले डिंभे. कालव्याचे गेट फिरवणाऱ्या माणसाच्या मनगटात कालव्याची ताकद नसते. ताकद धरणात साठलेली असते. मनगट फक्त किती पाणी जावे, ते ठरवते. ॲम्प्लिफायरमध्ये धरण म्हणजे वीजपुरवठा, गेट म्हणजे ट्रान्झिस्टर, आणि मनगट म्हणजे माईकमधून किंवा गिटारमधून आलेला नाजूक संकेत. धरणात पाणी नसेल, तर गेट कितीही उघडा, कालवा कोरडाच राहणार. घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्याने पहिला धडा घ्यायचा तो हा.

ट्रान्झिस्टर हे गेट सापडले डिसेंबर १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ते करून दाखवले आणि शॉकली यांच्यासह त्यांना १९५६ चे नोबेल मिळाले. ही प्रयोगशाळा टेलिफोन कंपनीची होती, आणि दूरच्या गावाला बोललेला शब्द वाटेत विरून जाऊ नये, ही तिची जुनी विवंचना होती. म्हणजे शब्द शेवटच्या टोकाला पोचवण्याचा प्रश्न त्यांचाही होता.

आता वाद्याकडे येऊ. इलेक्ट्रिक गिटार ऑर्केस्ट्रात दिसते; आपल्या मिरवणुकांत मात्र तिची धाकटी बहीण जास्त, बँजो. आपण ज्याला बँजो म्हणतो ते खरे म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानमध्ये १९१२ च्या सुमारास झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. टाइपरायटरसारखी बटणे, खाली पोलादी तारा, आणि तारांशेजारी पिकअप. पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेले केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली, की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात इवलीशी वीज उमटते. गिटार असो वा बँजो, तत्त्व एकच. ही वीज असते व्होल्टाच्या काही शतांशांपासून काही दशांशांपर्यंत. आणि आठ ओहमच्या स्पीकरला ३० वॅट द्यायचे, तर हवेत साडेपंधरा व्होल्ट आणि जवळजवळ दोन अँपिअर. एवढे अंतर एका उडीत कापता येत नाही. आधी प्रीॲम्प व्होल्टेज वाढवतो, मग पॉवर ॲम्प त्यामागे अँपिअरचा जोर उभा करतो. आज आपण बोलतो आहोत ते या दुसऱ्या भागाविषयी.

पुरवठा आधी, बाकी नंतर

बाजारात गेल्यावर नवखा माणूस आधी ट्रान्झिस्टर विचारतो. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली असो किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, जुना दुकानदार उलट विचारतो, 'ट्रान्सफॉर्मर कोणता आहे?' प्रश्न बरोबर आहे. समजा, ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ व्होल्टचा, तीन अँपिअरचा घेतला. चार डायोडच्या ब्रिजमधून वीज एकदिश झाली आणि मोठ्या कपॅसिटरांत साठली, की मिळतात मध्यबिंदूच्या वर २५ आणि खाली २५ व्होल्ट. अठराचे पंचवीस कसे, तर एसीचा जो आकडा आपण बोलतो तो सरासरीच्या जातीचा असतो, आणि कपॅसिटर भरतो तो लाटेच्या माथ्यापर्यंत. माथा सुमारे १.४ पट उंच असतो, त्यातला थोडा डायोड खातात.

या २५ पैकी ट्रान्झिस्टर दोन-तीन व्होल्ट स्वतःसाठी ठेवतो. उरले २२. बावीसचा वर्ग ४८४, त्याला १६ ने भागा, म्हणजे आठ ओहमच्या दुपटीने. आले ३० वॅट. ही तोंडी बेरीज ज्याला येते, त्याला खोक्यावर छापलेल्या '१००० वॅट'चे दडपण येत नाही. खोक्याचा ट्रान्सफॉर्मर किती जड आहे, हे हातात घेऊन पाहिले तरी पुष्कळ कळते.

आता यात्रेच्या मैदानातली गोष्ट. गावाच्या टोकाला, लांबच्या वायरवर, २३० च्या जागी १८० व्होल्ट येतात. म्हणजे पुरवठा अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर आला. पण वॅट व्होल्टच्या वर्गाने बदलतात, म्हणून शक्ती उरते जेमतेम एकसष्ट टक्के. ३० चे अठरा झाले. ऑपरेटरला वाटते ॲम्प्लिफायर दमला, म्हणून तो आवाजाचे बटण आणखी फिरवतो. धरणात पाणी नाही आणि गेट पूर्ण उघडले! मग लाटेचे माथे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कानाला ते खरखरीत, फाटके लागते, आणि कापलेल्या लाटेतून निघणारे उंच सूर स्पीकरमधला नाजूक ट्वीटर जाळून टाकतात. मोठ्या ॲम्प्लिफायरने जितके ट्वीटर जळत नाहीत, तितके लहान ॲम्प्लिफायर ताणल्याने जळतात.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. या खोक्यात २३० व्होल्ट येतात आणि ते माणूस ओळखत नाहीत. प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. त्यांच्यावर दोन-अडीच किलोओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवावा, म्हणजे मिनिटभरात ते रिकामे होतात. तरीही हात घालण्यापूर्वी मल्टिमीटर लावून पाहावे. ज्याला घरातल्या विजेच्या कामाची सवय नाही, त्याने जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच हे काम करावे.

करवतीच्या दोन टोकांचे गडी

लाकडाचा ओंडका कापणारे दोन गडी आपण पाहिले आहेत. मोठी करवत एक आपल्याकडे ओढतो, मग दुसरा. पॉवर ॲम्पच्या शेवटच्या टप्प्यात असेच दोन ट्रान्झिस्टर असतात. एक स्पीकरचा कागद पुढे ढकलतो, दुसरा मागे खेचतो. लोखंडी टोपीचा २एन३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे२९५५ ही जोडी अनेक वर्षे घरोघरच्या असेंबल्ड ॲम्प्लिफायरांत राबत आली. आता त्यांच्याहून चपळ जोड्या मिळतात, आणि टीडीए७२९४ किंवा एलएम३८८६ सारख्या एकाच चिपमध्ये सगळा पॉवर ॲम्प मावतो. पण शिकायचे असेल, तर सुट्या ट्रान्झिस्टरांची जोडी उत्तम, कारण तिचे गुणदोष डोळ्यांसमोर घडतात.

त्यातला पहिला दोष असा. ट्रान्झिस्टर जागा होण्यासाठी त्याला सुमारे ०.६ व्होल्टचा धक्का लागतो. त्याखाली तो झोपलेला. त्यामुळे एका गड्याने करवत सोडली आणि दुसऱ्याने अजून धरली नाही, असा एक क्षण प्रत्येक फेरीत येतो. मोठ्या आवाजात हे फारसे कळत नाही. पण बँजोची तार छेडून सोडली आणि सूर विरत विरत गेला, की शेवटी तो मखमलीसारखा न संपता वाळूवर घासल्यासारखा संपतो. हळू आवाजात बोललेल्या वाक्याचा शेवटही असाच चिरफाळतो. उपाय असा, की दोन्ही गड्यांनी करवतीवर कायम हलका हात ठेवायचा. म्हणजे आवाज नसतानाही दोन्ही ट्रान्झिस्टरांतून थोडा प्रवाह वाहू द्यायचा. याला बायस म्हणतात. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.३३ ओहमचा रेझिस्टर असेल आणि त्यावर मल्टिमीटरने १० मिलिव्होल्ट दिसत असतील, तर सुमारे ३० मिलिअँपिअर वाहतात. सुरुवातीला तेवढे पुरे.

दुसरा दोष पहिल्याच्या पोटातला. ट्रान्झिस्टर तापला, की जागे व्हायला लागणारे व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते. बायस मात्र तेवढाच राहिला, तर जास्त प्रवाह वाहतो. जास्त प्रवाहाने तो आणखी तापतो, आणखी प्रवाह वाहतो. वणव्यासारखे हे वाढत जाते आणि पाच-दहा मिनिटांत जोडी खलास. म्हणून बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकलाच चिकटवून कसतात. मोठे तापले, की तोही तापतो आणि बायस आपोआप खाली आणतो. एका स्क्रूचे हे काम. पण सुटे बोर्ड आणून घाईने जोडणारे नेमके हेच विसरतात, आणि मे महिन्याच्या यात्रेत ॲम्प्लिफायर धूर सोडतो.

उष्णता टळत नाही. या जातीचा ॲम्प्लिफायर कागदावरच्या आदर्श स्थितीतही शेकडा ७८ च्या वर कार्यक्षम होत नाही, आणि मधल्या आवाजात त्याहून पुष्कळ कमी. आपल्या ३० वॅटच्या खोक्यात सोळा-एक वॅट नुसते तापण्यात जाऊ शकतात. म्हणून ॲल्युमिनियमचा पंखेरी हीटसिंक सढळ हाताने घ्यावा, पंखे उभे ठेवावेत, आणि त्यावर वाऱ्याला वाट असावी. लोखंडी टोपीच्या ट्रान्झिस्टरचे अंगच त्याचा कलेक्टर असते. तेव्हा खाली अभ्रकाची चकती आणि दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट पातळ लावून, मगच स्क्रू कसावा. कसल्यावर टोपी आणि हीटसिंक यांच्यात मल्टिमीटर लावून पाहावे. काही दाखवले, तर अभ्रक फाटले आहे.

पहिल्यांदा चालू करताना

जुन्या मेकॅनिकच्या भिंतीवर एक फळी असते. तिच्यावर एक होल्डर, एक सॉकेट. हा सिरीज बोर्ड. नवा ॲम्प्लिफायर थेट मेनला लावायचा नाही. साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब मध्ये घेऊन लावायचा. बटण दाबताच बल्ब क्षणभर लखकन पेटतो, कारण कपॅसिटर भरत असतात, आणि मग मालवतो. असे झाले तर ठीक. पेटलाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बल्बने ती वीज अंगावर घेतली, ट्रान्झिस्टर वाचले. यासाठी तारेचाच बल्ब हवा. एलईडी चालत नाही. आता तारेचे बल्ब दुर्मिळ होत चाललेत, तेव्हा एखाद-दुसरा जपून ठेवावा.

बल्ब मालवला तरी स्पीकर जोडायची घाई नको. आधी आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजावे. ते जवळजवळ शून्य असले पाहिजे. पन्नास मिलिव्होल्टपर्यंत चालून जाते. तिथे वीस-पंचवीस व्होल्ट दिसले, तर एक ट्रान्झिस्टर गेलेला आहे आणि जोडलेला स्पीकर काही सेकंदांत जळला असता. मग आठ ओहमचा मोठा वायरवाउंड रेझिस्टर स्पीकरच्या जागी लावून अर्धा तास चालवावे. हीटसिंकला हात लावता येतो का, ते पाहावे. आणि मग स्पीकर.

स्पीकर लावल्यावर पहिली तक्रार ठरलेली: घूंऽऽ. मेनची वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते, ब्रिजनंतर त्या १०० होतात, आणि वायरिंग चुकले की त्याच आपल्याला ऐकू येतात. कारण बहुधा एकच. नाजूक संकेताची जमीन आणि कपॅसिटर भरणाऱ्या जोरदार प्रवाहाची जमीन एकाच वायरवर आलेली असते. सगळ्या जमिनी वेगवेगळ्या वायरने एका बिंदूला आणाव्यात, चांदणीच्या पाकळ्यांसारख्या. इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरपासून लांब, जाळीची आणि आखूड असावी. यानेच नव्वद टक्के घूं जाते.

काही जण तिसरा उपाय करतात. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाकतात. घूं थांबते, हे खरे. पण मग ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड झाला, तर मेनची वीज खोक्यावर येते, खोक्यावरून माईकच्या लोखंडी जाळीवर आणि गिटारच्या तारांवर येते. घामेजल्या हातांनी माईक धरलेला, अनवाणी, ओल्या जमिनीवर उभा असलेला कलावंत त्या विजेची वाट होतो. असा जीव जाऊ शकतो. आवाजातली घूं परवडली. अर्थिंग काढणे हा उपाय नाही.

सुधारणा कशाची करायची?

ॲम्प्लिफायर चालू लागला, की आठ दिवसांत मनात येते, 'वॅट वाढवू या.' थांबून हिशेब करावा. वॅट दुप्पट केले, ३० चे ६०, तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलने. कानाला तो 'थोडा मोठा' वाटतो. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. आणि मोकळ्या मैदानात ऐकणारा दुप्पट अंतरावर गेला, की सहा डेसिबल उतरतात. म्हणजे दुप्पट दूरच्या माणसाला तेवढाच आवाज द्यायला चौपट वॅट हवेत. या शर्यतीत पैसा हरतो. त्याउलट ९० डेसिबलचा स्पीकर काढून ९७ डेसिबलचा लावला, तर तेवढ्याच वॅटमध्ये पाचपट ॲम्प्लिफायर बसवल्यासारखा फरक पडतो. आठ ओहमऐवजी चार ओहमचा स्पीकर लावूनही वॅट वाढतात, पण प्रवाह दुप्पट होतो. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि ट्रान्झिस्टर त्या तयारीचे नसतील, तर हे कर्ज काढून सण करणे झाले.

गिटार-बँजोसाठी खऱ्या उपयोगाच्या सुधारणा वेगळ्या आहेत. पहिली इनपुटची. पिकअप अशक्त असतो. त्याच्यावर ओझे पडले की उंच सूर बोथट होतात. म्हणून पहिल्या टप्प्याचा इनपुट एक मेगओहमच्या आसपास हवा. साध्या एफईटीचा एक टप्पा पुढे जोडला, तरी बँजोला कंठ फुटतो.

दुसरी सुधारणा जास्त रंजक. जुने वादक सांगतात, व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला गोडवा होता, ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा. रोलंड कंपनीचा जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरचा गिटार ॲम्प्लिफायर १९७५ मध्ये आला आणि त्याच्या स्वच्छ आवाजासाठी नावाजला गेला. तरी हा वाद मिटला नाही. त्यात गूढ फारसे नाही. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर स्पीकरवरचे व्होल्टेज घट्ट धरून ठेवतो. स्पीकरला स्वतःच्या मनासारखे हलू देत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर सैल हाताने धरतो. स्पीकर त्याच्या खालच्या नैसर्गिक सुरावर आणि वरच्या सुरांवर जरा मोकळा होतो, म्हणून आवाज भरीव वाटतो. ही सैल पकड ट्रान्झिस्टरलाही शिकवता येते. स्पीकरची परतीची वायर थेट जमिनीला न नेता ०.२२ ओहमच्या, पाच वॅटच्या रेझिस्टरमधून न्यायची, आणि तिथे उमटणारे इवलेसे व्होल्टेज ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकमध्ये मिसळायचे. आता तो व्होल्टेजबरोबर प्रवाहावरही लक्ष ठेवतो. मिश्रण थोडेच ठेवावे; जास्त केले की खालचे सूर गुंगारतात. आणि हे केल्यावर स्पीकरचे काळे टोक कधीही खोक्याला लावू नये, नाहीतर तो रेझिस्टर बाद होतो.

पण ही सुधारणा वाद्याच्या खोक्यासाठी, गळ्याच्या नव्हे. माणसाचा शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. स, श, च, त यांची शक्ती अगदी थोडी आणि ती सेकंदाला दोन ते चार हजार फेऱ्यांच्या आसपास. खालचे सूर फुगले, की ते या दुबळ्या व्यंजनांना झाकून टाकतात. घुमटाखाली उभे राहून बोला; आवाज भव्य होतो आणि वाक्य कळेनासे होते. जिथे तोच खोका गिटारलाही लावतात आणि निवेदकालाही, तिथे गिटार गोड लागते आणि निवेदकाचे 'चाळीस' की 'चौतीस' ते कळत नाही. शक्य असेल तर दोन खोकी वेगळी ठेवावीत. गळ्याच्या खोक्यात शंभर फेऱ्यांखालचे सूर सरळ गाळून टाकावेत. वॅट वाचतात, शब्द सुटा होतो.

नारायणगावपासून जवळच खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या. माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट इथे कमी होता, हे ही जागा निवडण्यामागचे एक मोठे कारण. तिथेही ॲम्प्लिफायरच आहेत, आकाशातून आलेला अतिशय क्षीण संकेत मोठा करणारे. त्यांची सगळी मेहनत असते ती पहिल्या टप्प्याने स्वतःची खरखर त्यात मिसळू नये यावर. पुढचे टप्पे कितीही मोठे करा, पहिल्या टप्प्यावर मिसळलेली खरखर संकेतासकट मोठी होत जाते. बँजोच्या प्रीॲम्पलाही नियम तोच आहे.

आणि आवाज किती मोठा करायचा, यालाही हद्द आहे. ८५ डेसिबल आवाजात माणसाने आठ तास काढले, तर तिथपर्यंत ठीक, असे तज्ज्ञ मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारी पोरे तासन्‌तास त्यात असतात. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा गेल्या, की परत येत नाहीत. तिथे कोणताही मेकॅनिक पोचत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आणि वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देण्याची राज्यांना मुभा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते उचलून धरले. रात्रभर चालणाऱ्या तमाशाला हे जड गेले, हे खरे आहे. पण गावात आजारी माणूस असतो, परीक्षेचे पोर असते, हेही खरे आहे. एका टोकाला प्रचंड भिंत उभी करण्याऐवजी मैदानात चार ठिकाणी लहान लहान स्पीकर, ऐकणाऱ्यांच्या जवळ लावले, तर तीस-तीस वॅटमध्ये काम भागते. पुढच्या रांगेचे कान वाचतात, शेवटच्या रांगेला शब्द मिळतो आणि शेजारच्या वस्तीवर कमी जुलूम होतो.

तयार चायनीज बोर्ड आज स्वस्तात मिळतात, मग घरी बांधायचे कशाला, असे कोणी विचारील. ऐन वगात खोका बंद पडला, की कंपनीचा माणूस येत नाही. फडाचा तो दिवस बुडतो, आणि सुपारी घेतलेल्या फडाला बुडालेला दिवस म्हणजे पन्नास माणसांची चूल. त्या वेळी ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, जोडी आणि बायस जोडलेला असतो, तोच अंधारात टॉर्च तोंडात धरून दोष शोधू शकतो.

तेव्हा ज्यांच्या घरात एखादे पोर सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलेले असेल, त्यांनी त्याला रागावू नये. अर्थिंग आहे ना, एवढे मात्र रोज विचारावे. आणि त्या पोराला मला सांगायचे ते इतकेच. खोका बांधून झाला, की त्याच्याजवळ उभे राहू नकोस. कुणालातरी माईकवर साध्या आवाजात चार वाक्ये बोलायला सांग. तू चालत चालत मैदानाच्या टोकाला जा, जिथे म्हातारी माणसे घोंगडी टाकून बसतात. तिथे 'स' आणि 'श' वेगळे ऐकू आले, तर बटणाला आणखी हात लावू नकोस.